कुंपणच शेत खाते तेव्हा

काही वर्षांपूर्वी ऐन आवणीत एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेचे वय २६. उजव्या डोळ्याने धूसर दिसत होते, डोळा फिरवला की दुखत होता आणि त्या डोळ्याने लाल रंग विटल्यासारखा वाटत होता. मी थेंब दिले. महिनाभरात दृष्टी सुधारली. घरच्यांनी श्रेय नवसाला दिले, मी थेंबांना. दोघेही चुकलो होतो.

वर्षभराने तीच मुलगी भिंत धरत आली. कमरेखाली बधिरपणा, पायांत जोर नाही. सासूबाईंनी हळूच विचारले, “डॉक्टर, बाहेरचं काही असंल का?”

बाहेरचे काही नव्हते. होते ते शरीराच्या आतलेच. पुण्याला एम.आर.आय. तपासणी झाली आणि नाव कळले : मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम.एस.

विहिरीवरच्या मोटारीला वीज नेणाऱ्या वायरवर जसे वेष्टण असते, तसे मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. आपली प्रतिकारशक्ती ही शरीराची राखण. ती जंतूंना ओळखून मारते. या आजारात मात्र ती आपल्याच मायलिनला परके समजून कुरतडते. वेष्टण गेले की संदेश अडखळतात. कधी डोळ्याचा, कधी पायाचा, कधी लघवीचा. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

हे डॉक्टरांना कसे उमगले? त्याचा धागा आपल्या ओळखीच्या गोष्टीपाशी जातो. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी १४ इंजेक्शने जुन्या वाचकांना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. तिने असंख्य जीव वाचवले. पण क्वचित एखाद्याला लस घेतल्यावर लकवा येई. पिसाळ रोगाने नव्हे, तर लसीतील मेंदूच्या अंशामुळे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी १९३० नंतरच्या दशकात माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. काही माकडांचे पाय लुळे पडले आणि त्यांच्या मेंदूतील मायलिन नाहीसे झालेले दिसले. राखण घरावरच उलटू शकते, याचा तो पुरावा. एम.एस.चे पुढचे बरेचसे संशोधन याच प्रयोगाच्या वाटेने झाले. आपल्या देशात ती जुनी लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस दंडात देतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो. म्हणून कुत्रा चावल्यास ती न चुकता घ्यावी.

एम.एस. हा थंड देशांतील गोऱ्यांचा रोग, असे आम्हाला शिकवले गेले होते. मुंबईचे ख्यातनाम मेंदूतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिले की, भारतात राहणाऱ्या पारशी समाजात तो बराच आढळतो. एम.आर.आय. यंत्रे आली, तसे इतर समाजांतीलही रुग्ण सापडू लागले. अमेरिकेत १ कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासून २०२२ साली निष्कर्ष निघाला की, एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एम.एस.चा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. मात्र हा विषाणू बहुतेक सर्वांना कधी ना कधी गाठतो, आणि एम.एस. फार थोड्यांना होतो. म्हणजे आनुवंशिक घडणीसारखी इतर कारणेही असणारच.

याच कुळातला दुसरा आजार न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. तोही डोळे आणि मज्जारज्जूवरच घाला घालतो. पण २००४ साली त्याची खूण असलेले प्रतिद्रव्य रक्तात सापडले. हा भेद महत्त्वाचा आहे. एम.एस.ची काही औषधे या आजारात उलट अपाय करतात.

वाचकांनी लक्षात ठेवावे ते एवढेच. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. तो येतो, ओसरतो, पुन्हा येतो. हे ओसरणेच फसवे. एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत मंदावली, किंवा बधिरपणा कमरेपर्यंत चढला, तर आपोआप बरे वाटले तरी तज्ज्ञांना दाखवा आणि जुनी तक्रारही सांगा. मात्र प्रत्येक मुंगी एम.एस.ची नसते. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही कारणे कितीतरी अधिक आढळतात.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तो करणीचा नव्हे, आणि सुनेला माहेरी धाडण्याचे कारण तर मुळीच नव्हे. उपचाराखाली असलेल्या स्त्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आई होऊ शकतात. आजार समूळ जात नाही. पण १९९३ पासून झटके कमी करणारी औषधे मिळू लागली आणि आज ती अनेक आहेत. २०१६ च्या कायद्याने एम.एस.चा अपंगत्वाच्या यादीत समावेश झाला आहे. १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मदत करते. तिची शाखा पुण्यातही आहे.

आमची ती सून आज चालते. उन्हाने पाय जड होतात, म्हणून शेतातली कामे सकाळीच उरकते. औषध चुकवत नाही. आणि डोळ्याची तक्रार घेऊन कोणी तरुण मुलगी आली की, मी थेंब लिहिण्याआधी तिच्या पायांचीही चौकशी करतो.