जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अपघात-दाव्यांची वकिली

पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्ग मंचर, नारायणगाव व आळेफाटा या गावांवरून जातो. आळेफाट्यास त्याला माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता छेदतो. ऊस, कांदा व टोमॅटो यांच्या वाहतुकीमुळे या रस्त्यांवर मालवाहू गाड्यांची वर्दळ मोठी असते. त्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे हे वकिलीचे एक महत्त्वाचे अंग ठरते.

पूर्वी अशा भरपाईसाठी १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यान्वये दिवाणी दावा करावा लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन स्वतंत्र दावा-न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८८ च्या कायद्याच्या कलम १६६ अन्वये अपघात जेथे घडला त्या अथवा अर्जदार जेथे राहतो त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली. दुःखात असलेल्या कुटुंबाने वकिलाकडे लवकर जाणे त्यामुळे अगत्याचे झाले.

भरपाईचे गणित आता बरेचसे निश्चित झाले आहे. सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी वयानुसार गुणक व भावी उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरवून दिले. उदाहरणार्थ, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा, पस्तीस वर्षे वयाचा, स्वतंत्र व्यवसाय करणारा विवाहित इसम चार आश्रित मागे ठेवून मृत्यू पावला असे समजू. त्याचे वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. त्यात चाळीस टक्के वाढ धरता २,०१,६०० रुपये. स्वखर्चाचा चतुर्थांश वजा जाता १,५१,२०० रुपये. आणि त्यास सोळाने गुणिले असता २४,१९,२०० रुपये होतात. अंत्यविधी इत्यादींच्या रकमा याखेरीज होत.

तथापि खरा वाद मूळ आकड्याचाच असतो. शेतकऱ्यास पगारपत्रक नसते. त्यातून जसबीर कौर प्रकरणी (२००३) सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, कर्ता पुरुष गेला तरी जमीन वारसांकडे राहते. सबब हानी मुख्यतः त्याच्या देखरेखीची होय. म्हणून केवळ सातबाऱ्याचा उतारा पुरेसा होत नाही. बाजार समितीतील आडत्याच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले व शेजाऱ्यांच्या साक्षी यांवरून मृताचे प्रत्यक्ष श्रम सिद्ध करावे लागतात. घरातील स्त्रीच्या कामासही मोल आहे, हे कीर्ती प्रकरणी (२०२१) पुन्हा स्पष्ट झाले. जखमी व्यक्तीच्या बाबतीत, राजकुमार निर्णयानुसार (२०१०), अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी व कमाईतील घट या दोन भिन्न गोष्टी ठरतात. उजव्या हाताची पकड गेल्यास दुकानदार आपले दुकान चालवू शकेल. ऊसतोड मजुराचा मात्र रोजगारच बुडेल.

सर्वांत कठीण प्रकरण टेंपोतून शेतावर जाणाऱ्या मजुरांचे असते. आशा राणी निर्णयाप्रमाणे (२००२) मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. वाहनात आपला माल घेऊन बसलेल्या मालकाची मात्र येते. अशा वेळी मजुरांच्या वारसांच्या हाती केवळ गाडीमालकाविरुद्धचा निवाडा उरण्याची भीती असते, आणि गाडीमालकही बहुधा त्याच गावचा असतो. प्रवासी कोण होता व कशासाठी बसला होता, याचा उल्लेख पहिल्या जबाबात व पंचनाम्यात नीट झाला आहे की नाही, हे वकिलास प्रथम पाहावे लागते.

बिबट्याच्या हल्ल्याचे स्वरूप निराळे. तेथे कोणी मनुष्य दोषी नसतो. साहाय्य शासनाच्या नियमांनुसार वनखात्यामार्फत मिळते. तेथे वकिलाचे काम वादापेक्षा कागदपत्रांच्या पूर्ततेचेच अधिक होय.

या व्यवसायास नियमांचे बंधन आहे. १९६१ च्या वकील कायद्याखाली केलेल्या नियमांनी जाहिरात करण्यास व मिळालेल्या भरपाईत वाटा मागण्यास मनाई केली आहे. अज्ञान मुलांची रक्कम मुदतठेवीत ठेवण्याची पद्धत सुसम्मा थॉमस निर्णयाने (१९९३) रूढ केली. या दोन्हींमागील हेतू एकच : मृताच्या श्रमाचे जे मोल ठरले, ते त्याच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचावे. निवाड्याचा आकडा केवढाही असो. तो विधवेच्या बँकखात्यात जमा होऊन तिच्या उपयोगी पडेपर्यंत वकिलाचे कर्तव्य पुरे झाले असे म्हणता येत नाही.