नदीकांठचीं जुनीं पेवें व विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें

पेव म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. परंतु इंग्लंडांत टेम्स नदीकांठच्या शेतांत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या पेवांच्या जागा विमानांतून दिसतात, याचें पुष्कळांस नवल वाटेल. त्या कशा दिसतात व त्यांचा अर्थ कसा लावावा, हें येथें थोडक्यांत देतों.

टाकून दिलेल्या पेवांत राख, केरकचरा व भुसभुशीत माती भरते. भोंवतालची खडीची जमीन लवकर सुकते. पेवाच्या जागीं मात्र ओल खोलवर टिकते. पावसानें ओढ दिली म्हणजे शेतांतील गहूं पिवळा पडूं लागतो आणि पेवावरचें पीक उंच व हिरवें राहतें. बांधावरून हा भेद सहसा कळत नाहीं. वरून मात्र वाटोळे ठिपके स्पष्ट उमटतात. पुरलेल्या भिंतीवर याच्या उलट पीक खुरटतें. मेजर ॲलन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ऑक्सफर्डच्या आसपास अशीं पुष्कळ छायाचित्रें घेतलीं.

तथापि येथें कधींकाळीं जमीन खोल खणली होती, एवढेंच ठिपका सांगतो. कशासाठीं, तें सांगत नाहीं. विहिरीचा, खडी काढल्याच्या खड्ड्याचा किंवा उन्मळलेल्या झाडाच्या जागेचाही ठिपका पडतो. म्हणून त्याचें माप, आकार व शेजार पाहावा. सारख्या मापाचे वाटोळे ठिपके घरांच्या खुणांजवळ दाटीनें असतील, आणि जागा पुराच्या पाण्यापासून उंच असेल, तर तीं पेवें असावींत, हें अनुमान बळावतें. कारण ओलीच्या जागीं शहाणा शेतकरी पेव खणीत नाहीं.

शेवटचा निर्णय कुदळीचाच. सॅलिस्बरीजवळ लिटल वुडबरी येथील वस्ती छायाचित्रांतच प्रथम दिसली. अशा खड्ड्यांत माणसें राहत, असें तोंवर विद्वान मानीत. १९३८-३९ सालीं गेऱ्हार्ड बेर्सू यांनीं तेथें खणून पाहिलें, तेव्हां घरें जमिनीवर होतीं व खड्डे धान्याचे होते, असें ठरलें. पुढें १९७२ सालीं सुरू झालेल्या बट्सर येथील प्रायोगिक शेतावर पीटर रेनॉल्ड्स यांनीं तसेच खड्डे खणून त्यांत धान्य भरलें. तोंड लिंपून बंद केलें असतां कडेच्या थोड्या दाण्यांस मोड येतात, ते आंतील प्राणवायु संपवितात, आणि कर्बाम्ल वायु भरून बाकीचें धान्य बियाण्याच्याही उपयोगाचें राहतें. नुकतें उघडलेलें पेव माणसास घातक होतें, तें याच वायूमुळें.

आपल्याकडेही पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत केलेल्या उत्खननांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचीं पेवें निघालीं. नदीकांठच्या अशा पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरून नेण्याची चाल जुनी आहे. एकदां ती माती हलली कीं, पेव, चूल, खापर कांहींच ओळखतां येत नाहीं, आणि मग छायाचित्रही निरुपयोगी होतें. यास्तव शेतांत राखेचा वाटोळा थर किंवा जळके दाणे दिसल्यास तेवढी जागा न उकरतां सोडावी, सर्व्हे नंबर व बांधापासूनचें अंतर टिपून ठेवावें, आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. जमीन आपली खरी. परंतु तिच्या पोटांतील हें दप्तर पुन्हां लिहितां येत नाहीं.