न विचारतां केलेलें रूपांतर

खामगांवच्या कापूसबाजारांत एखाद्या व्यापाऱ्यानें चाळीस क्विंटलांत पांच मिळविले आणि संगणकानें ४०५ दाखविले, तर? १९९५ सालच्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेंत असें घडूं शकतें. पडद्यावरील चौकटींत टंकलेले ४० तिच्याकडे अक्षरें म्हणून येतात; मग ती न विचारतां ५ चेंही अक्षर करून शेजारीं मांडते. वजाबाकींत मात्र अक्षरांचा अंक करते, आणि ३५ बरोबर येतात! असलें सौजन्य मला घातक वाटतें. चूक हिशेबांत निमूट मुरते.

विरल शहा आदि चौघांनीं २०१२ मध्यें जाहीर केलेली ज्युलिया भाषा बेरजेची रीत दोन्ही पदांच्या जाति पाहून निवडते. पूर्णांक व दशांश या जोडीसाठीं रीत लिहिलेली आहे. अक्षरांची माळ व अंक यांसाठीं नाहीं, म्हणून ती तेथेंच अडते. क्विंटल व किलो यांची बेरीज हवी असेल, तर त्या दोन जाति ठरवून जोडीची रीत आपण लिहून द्यावी.