घरगुती बदकाच्या अंड्यांची स्थानिक विक्री : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे या धरणांच्या पाण्यावर पूर्वेकडील भागात ऊस, कांदा व टोमॅटो यांची बागायती शेती उभी राहिली. सह्याद्रीलगतच्या पश्चिम पट्ट्यात मात्र महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती असून पावसाळी भातशेती हाच तेथील मुख्य आधार आहे. या पट्ट्यातील घरांच्या अंगणात कोंबड्या असतात व अंड्यांचे पैसे सामान्यतः घरातील स्त्रीच्या हाती राहतात. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, एसटीचे भाडे असे खर्च त्यातून भागतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील परसातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. अंगणातील हा व्यवसाय लोप पावत आहे, असे मानण्यास त्यामुळे आधार उरत नाही.

या अंगणात कोंबडीच्या जोडीला बदक आणावे, असा विचार अधूनमधून मांडला जातो. परंतु बदकपालनाची चर्चा बहुधा अंड्यांच्या संख्येपाशीच थांबते. ती अंडी घेणार कोण, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

बदक व गावरान कोंबडी

गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ५० ते ८० अंडी देते. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, २१ दिवस अंडी उबवते आणि त्यानंतर काही आठवडे पिलांमागे फिरते. तेवढा काळ अंडी बंद राहतात. खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात उत्तम व्यवस्थापनात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देऊ शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ॲडेल कॅम्पबेल यांनी ही जात तयार केली व त्यासाठी भारतीय रनर बदकाचा उपयोग केला. घरगुती पालनात हा आकडा बराच खाली येतो, हे खरे. तथापि कोंबडीशी तुलना करता तो मोठाच राहतो. अंड्याचे वजनही ६५ ते ७० ग्रॅम भरते. गावरान अंडे जेमतेम ४० ते ४५ ग्रॅमचे असते. खाकी कॅम्पबेल मादी क्वचितच खुडूक होते. त्यामुळे पिले हवी असल्यास अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात आणि तिला २१ ऐवजी २८ दिवस बसावे लागते!

बदकाला तळे लागतेच असे नाही. डोके बुडेल एवढे खोल पाण्याचे भांडे पुरते. कापणीनंतरच्या भातखाचरात गोगलगाई, किडे व सांडलेले दाणे त्याला आयते मिळतात. मात्र दोन बाबतींत दुर्लक्ष चालत नाही. बुरशी लागलेले धान्य वा पेंड बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते व पश्चिम पट्ट्यातील दमट पावसाळ्यात मका सहज बुरसतो. दुसरी बाब बिबट्याची. कोंबडी रात्री उंच जागी बसते, बदक जमिनीवरच असते. त्यामुळे ज्या तालुक्यात बिबट्या गोठ्यापर्यंत येतो तेथे पक्के खुराडे हा खर्चाचा पहिला आकडा होय.

विक्रीचा प्रश्न

व्यापारी अंड्यांना दराची चौकट आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती शेकड्यामागे दर जाहीर करते. गावरान अंडे या चौकटीबाहेर विकले जाते. ते आकाराने लहान असूनही महाग असते, कारण ग्राहक वजनाचे नव्हे तर ‘गावरान’ या शब्दाचे पैसे मोजतो. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकण्याचे प्रकार घडतात, ते यामुळेच. त्यामुळे जुन्नरच्या रविवारच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची ओळख हीच मालाची हमी ठरते.

बदकाच्या अंड्याला असे नाव येथे मिळालेले नाही. बंगाल, आसाम व केरळात ते रोजच्या आहारात आहे. जुन्नरच्या बाजारात मात्र तेच अंडे ठेवले, तर ‘हे कशाचे?’ असा प्रश्न आधी येतो आणि ‘उग्र लागते का?’ हा त्यानंतर. दुसरा प्रश्न अगदी निराधार नाही. बदकांना मासळी वा तिची भुकटी फार दिली, तर अंड्याला वास येतो. विक्रीची अंडी देणाऱ्या बदकांना दाणा व हिरवा पाला अधिक द्यावा लागतो, तो यासाठी.

तेव्हा बदकाचे अंडे गावरान अंड्याचा स्वस्त पर्याय म्हणून विकणे ही चूक ठरेल. त्याचा ग्राहक वेगळा आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसे काम करतात. मंचरहून दक्षिणेस चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पूर्व भारतातून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. बदकाचे अंडे ज्यांच्या परिचयाचे आहे अशा या घरांपर्यंत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी अंडी पोहोचविणे हे बाजारात दिवसभर बसण्यापेक्षा अधिक फलदायी ठरू शकते. स्थानिक मराठी ग्राहकास मात्र पहिल्या खेपेस दोन-चार अंडी चवीपुरती देणे भाग आहे. श्रावणात मागणी घटते, हेही गृहीत धरावे लागते.

बदक पहाटे अंडी घालते. सकाळी आठ-नऊपर्यंत ते कोंडून ठेवले नाही तर अंडी बांधावर वा ओढ्यात जातात. खुराड्यात भाताचा कोरडा पेंढा अंथरल्यास अंडी स्वच्छ राहतात. मळलेले अंडे धुण्याचा मोह आवरावा. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक आवरण जाते व अंडे लवकर नासते. कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे. अंडे पूर्ण शिजवूनच खावे, असेही ग्राहकास सांगणे आवश्यक आहे, कारण बदकाच्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथून दूरच्या बाजारांतही अंड्यांची मागणी कोसळली. बदकाच्या बाबतीत ही जोखीम अधिक नाजूक आहे. त्याच्या शरीरात हा विषाणू लक्षणे न दाखवताही राहू शकतो आणि सोबतच्या कोंबड्यांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून दोन्ही पक्षी पाळणाऱ्या घराने त्यांची खुराडी व पाण्याची भांडी वेगळी ठेवावीत. धरणांच्या फुगवट्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. त्या दिवसांत बदके फुगवट्याच्या पाण्यावर न सोडता अंगणातच राखावीत.