गर्भपात : आपले मत बदलते, निर्णय मात्र तिचाच

वस्तीतल्या महिला बैठकीत गर्भपाताचा विषय निघाला की आधी सगळ्या गप्प होतात. मग कुणी ‘पाप’ म्हणते, कुणी ‘नाइलाज’. अशा बैठका घेताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. याबाबतचे मत जन्मभर एकच राहत नाही.

लग्नाआधी ‘हे वाईटच’ असे ठामपणे म्हणणारी मुलगी दोन लेकरे झाल्यावर, तांबी असूनही दिवस गेले की वेगळा विचार करते. सुनेला ‘राहू दे’ म्हणणारी सासू लेकीच्या जिवावर बेतले की तिच्या बाजूने उभी राहते. उलटही घडते. गर्भपाताची गोळी किरकोळ समजणारा नवरा बायकोचे रक्त जाताना पाहून सावध होतो. यात ढोंग नाही. दुसऱ्याच्या घरचा प्रश्न पाप-पुण्याचा वाटतो. आपल्या घरात आला की बाईची तब्येत, लेकरांचे पोट आणि बुडणारी मजुरीही दिसू लागते.

समाज आणि कायदाही असाच बदलला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. आज तोच विचार सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेला असतो. पूर्वी बाईचा जीव वाचवण्याखेरीज केलेला गर्भपात गुन्हा होता, आणि त्यात बाईलाही शिक्षा होती. १९७१ च्या कायद्याने वाट मोकळी केली. पण गर्भनिरोधक साधन फसल्याचे कारण त्यात फक्त विवाहितेला सांगता येई. २०२१ च्या दुरुस्तीने ते प्रत्येक स्त्रीला लागू झाले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही.

आज प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवावे :

• कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे.

• बाई १८ वर्षांवरील असेल तर तिचीच संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते.

• तिचे नाव गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे.

• गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. गर्भ नळीत असेल तर गोळीने तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जीव जातो.

• तासाला दोन मोठे पॅड भिजतील असे रक्त सलग दोन तास गेले, ताप, घाण वास, चक्कर किंवा असह्य पोटदुखी असेल तर लगेच सरकारी रुग्णालय गाठावे.

मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे ही गोष्ट वेगळी. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला. तिथे बहुधा बाईची इच्छा नसते, घराचा दबाव असतो. मूल ठेवण्यासाठी जबरदस्ती आणि पाडण्यासाठी जबरदस्ती, दोन्हीत तिला कुणी विचारलेले नसते.

तुमचे मत आमच्यासारखेच असावे, असा आमचा आग्रह नाही. ते उद्या बदलेलही. पण शेजारची बाई पाळी चुकल्याचे सांगायला आली, तर आधी आपले मत ऐकवू नका. ‘तुला काय हवंय?’ विचारा, आणि दवाखान्यात तिच्यासोबत जा. वेळेत पोहोचलेल्या बाईचा धोका फार कमी असतो. लाजेने घरी बसलेल्या बाईचा आठवड्या-आठवड्याने वाढत जातो.