जलोदराचा निचरा

अंडाशय, जठर किंवा स्वादुपिंड यांचा कर्करोग उदरपोकळीच्या अस्तरावर पसरतो तेव्हा तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पाणी शोषून नेणाऱ्या लसिकावाहिन्या तुंबतात आणि पोटात कित्येक लिटर द्रव साठतो. यालाच कर्करोगजन्य जलोदर म्हणतात. पोट तट्ट फुगते, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटते, आडवे पडले की धाप लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यकृताच्या रक्तप्रवाहातील दाब वाढल्याने साठलेल्या पाण्यावर बऱ्यापैकी चालतात, अस्तरातून झिरपणाऱ्या पाण्यावर मात्र क्वचितच. म्हणून पाणी सुईने काढणे हाच मुख्य उपाय उरतो.

रुग्णाला किंचित उठते बसवून सोनोग्राफी केली की पडद्यावर पाणी काळे दिसते आणि त्यात आतड्याची वेटोळी हलताना दिसतात. जिथे पाणी खोल आणि आतडे दूर, अशी जागा बहुधा पोटाच्या डाव्या खालच्या बाजूस मिळते. पोटाच्या भिंतीतील धमनी आणि जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण मात्र टाळावे लागतात. सुश्रुतसंहितेनेही जलोदरासाठी बेंबीखाली डावीकडे वेध घ्यायला आणि सगळे पाणी एकाच दिवशी न काढायला सांगितले आहे, हे इथे सहज आठवते.

लिग्नोकेनने जागा बधिर केल्यावर त्वचा थोडी खाली ओढून धरतात आणि मगच सुई आत घालतात, म्हणजे सुई निघाल्यावर त्वचेचे व स्नायूंचे छिद्र एका रेषेत राहत नाही आणि पाणी पाझरत नाही. सिरिंजमध्ये गवती पिवळा, कधी तांबूस द्रव आला की सुईतून बारीक तार घालून तिच्यावरून मऊ नळी आत सरकवतात. मध्येच धार थांबली तर नळीची ओढाताण करण्यापेक्षा रुग्णाला कुशीवर वळवणे शहाणपणाचे, कारण बहुधा आतड्याचे वेटोळेच तिच्या छिद्रांवर येऊन बसलेले असते. रक्तदाबावर लक्ष असतेच. पण किती लिटर निघाले यापेक्षा रुग्णाला श्वास मोकळा घेता येतो का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे, आणि ते नोंदवहीत क्वचितच उतरते.

पाणी अनेकदा आठ-पंधरा दिवसांत पुन्हा भरते. अशा वेळी त्वचेखालून काही सेंटिमीटर बोगदा करून कायमची नळी बसवता येते. तिच्यावरील पॉलिएस्टरच्या कड्यात ऊती वाढून ती घट्ट धरली जाते आणि घरचेच माणूस ठरलेल्या दिवशी निर्वात बाटली जोडून पाणी काढू शकते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2012 मध्ये अशा नळीच्या वापराला पाठिंबा दिला. मात्र दर खेपेला नवी बाटली लागते आणि तो खर्च न झेपणाऱ्या घरांत साधी नळी टाक्याने बांधून लघवीच्या पिशवीला जोडतात. तिला कडे नसल्याने ती निसटण्याचा आणि कडेने गळण्याचा धोका अधिक. पाणी गढूळ झाले, ताप आला किंवा पोट दुखू लागले तर संसर्गाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.