लहान महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे अध्ययन व व्यवसायसंधी : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

पदवीला अर्थशास्त्र हा मुख्य विषय निवडताना विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हा विषय घेऊन पुढे काय?" शिक्षकी पेशा, बँक, स्पर्धा परीक्षा हे आपले ठरलेले उत्तर. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अहिल्यानगर (2024 पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील लहान महाविद्यालयांच्या संदर्भात केला आहे.

वास्तविक या जिल्ह्यात हा प्रश्न पडू नये. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक व नामवंत अर्थशास्त्रज्ञ होते. 1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. अर्थशास्त्र आणि उसाचा फड यांचे नाते येथे इतके जुने आहे.

वर्गात मात्र ते क्वचितच दिसते. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र शासनाने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलमागे 340 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्यास 3.32 रुपये वाढ दिली. म्हणजे 11.25 टक्के उताऱ्यास टनामागे 3,732 रुपये. त्यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो. ऊस उत्पादकाच्या घरातील विद्यार्थी या हिशेबावरचे वाद लहानपणापासून ऐकतो, पण किंमतनिश्चितीच्या प्रकरणात त्याला भेटतात ती काल्पनिक उदाहरणे. हिवरे बाजारला पावसाच्या नोंदींवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात. संधिव्यय शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते?

खरी अडचण पुढे येते. 1961 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते व संघ लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेची सर्व उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. रिझर्व्ह बँकेतील संशोधन अधिकारीपद काय किंवा नामवंत संस्थांतील पदव्युत्तर प्रवेश काय, गणित व संख्याशास्त्राशिवाय निभाव लागत नाही. आपला बहुसंख्य विद्यार्थी मराठी माध्यमाचा, आणि दहावीनंतर गणिताशी संबंध तुटलेला. तिसऱ्या वर्षी मार्गदर्शन शिबिर घेऊन ही तूट भरून निघत नाही. पहिल्या सत्रापासून आठवड्यास दोन तासिका गणितासाठी व इंग्रजी वाचनासाठी राखल्या पाहिजेत. जेथे मुख्य विषयाला मोजकेच विद्यार्थी असतात, तेथे हे मोठ्या विद्यापीठापेक्षा सोपे आहे.

सर्वांनी दिल्ली-मुंबई गाठावी असे नाही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. पदविका घेतलेल्या पदवीधरास सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट खुली होते. पतसंस्था आणि दूध संघांच्या या जिल्ह्यात तिची माहिती अनेकांना नोकरी शोधू लागल्यावरच होते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय, नाबार्ड, शेतकरी उत्पादक कंपन्या हीही क्षेत्रे आहेतच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार क्षेत्रप्रकल्पास आता श्रेयांक मिळतात. हा प्रकल्प ग्रंथालयात बसून उतरवून काढण्याऐवजी घोडेगावच्या बाजारातील कांद्याच्या दरांवर किंवा गावच्या सोसायटीच्या थकबाकीवर करता येईल. आरंभ म्हणून संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' वर्गात उघडावे आणि प्रत्येकाने स्वतःच्या तालुक्याचा तक्ता वाचून दाखवावा.